कोठ्याचा हजेरीपट

४ जून १९४८, शुक्रवार

आज पालकांचा वर्ग सुरू केला. निजामाच्या राज्यात सरकारी सुटी शुक्रवारची, त्यामुळे नारायणगुड्यातल्या शाळेचा हॉल मोकळा असतो. तिथे मी सव्वीस वर्षे मुख्याध्यापिका होते, म्हणून हॉलची किल्ली माझ्याकडेच आहे. नव्या मुख्याध्यापिकाबाईंनी ती दोनदा मागितली. शोधते आहे म्हणून सांगितले.

फळ्यावर लिहिले : ‘मुलांचे बद्धकोष्ठ आणि पालकांचे अज्ञान.’ अकरा आया आल्या आणि एक बाप, गौलीगुड्यातले कापडवाले हणमंतराव. दिवस असे आहेत की बायकोला घराबाहेर पाठवायची त्यांची छाती होत नाही, म्हणून स्वतः आले. शहरात जो तो कुजबुजतो आहे : कोण नागपूरला निघाले, कोणी दागिने कुठे पुरले. मी म्हटले, राज्य कोणाचेही राहो, मुलांना सकाळी परसाकडे जावेच लागणार. यावर कोणी वाद घातला नाही.

पहिला हल्ला एरंडेलावर केला. आमच्या लोकांत सहा दिवस मुलाकडे कोणी पाहत नाही. सुटीच्या दिवशी त्याचे नाक दाबून एरंडेल पाजतात आणि दिवसभर त्याला पायखान्यात कोंडतात. ही शिक्षा झाली, उपाय नव्हे. उपाय म्हणजे शिस्त. मी स्वतः आखलेला तक्ता दाखवला : तारीख, वेळ, शेरा. झाले तर ‘ह’, न झाले तर ‘गै’. दर शुक्रवारी मोठ्याने वाचन. चार आठवडे पूर्ण हजेरी असलेल्या मुलाला पेन्सिल.

नमुना म्हणून आमच्या विमलचा मे महिन्याचा तक्ता भिंतीवर लावला. नात सहा वर्षांची आहे. एकतीस ‘ह’.

“एकही गैरहजेरी नाही?” वकिलीणबाई इंदुताई म्हणाल्या. “आमचे हे तर कोर्टात एवढे हजर नसतात.”

बायका हसल्या. हसू दिले. पहिला दिवस होता.

५ जून

उद्या कोणी विचारले तर सांगता यावी म्हणून घरची पद्धत लिहून ठेवते. पायखाना एकच. साडेपाच ते सव्वासहा मी. (माझा कोठा जन्मापासून नाजूक आहे. रात्री त्रिफळा घेते. त्याचा इथे काही संबंध नाही.) साडेसहाला विमल. मी दाराबाहेर आमच्या ह्यांचे खिशातले घड्याळ हातात घेऊन उभी राहते आणि तीनशेपर्यंत मोजते. मोठ्याने, म्हणजे मूल रेंगाळत नाही. मग विचारते, “झालं?” आतून उत्तर येते, “झालं, आजी.” तांब्या ओतल्याचा आवाज येतो. ‘ह’.

सूनबाई शांता आज म्हणाली, “आई, जरा लांब उभ्या राहिलात तर?”

तिला कॉलेजचे शिक्षण नाही. मी समजून घेते.

२ जुलै, शुक्रवार

चौदापैकी नऊ मुलांना पेन्सिली दिल्या. महिनाभरात हे यश. हणमंतरावांच्या दोन्ही मुलांची पूर्ण हजेरी. त्यांचे त्यांनाच नवल वाटले.

“बाई, आमचं दुकान बी येवढ्या नेमानं उघडत नाही.”

इंदुताईंच्या मुलाचे अठ्ठावीस ‘ह’ एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिल्यासारखे दिसत होते. पण अक्षर सुवाच्य होते.

६ जुलै

विमलला शाळेतून घरी पाठवले. चड्डी खराब झाली म्हणून. हा तिसरा प्रसंग म्हणे. पहिले दोन मला कोणी सांगितले नव्हते. सोबत चिठ्ठी : ‘कन्येची प्रकृती पूर्ण सुधारेपर्यंत तिला शाळेत पाठवू नये, ही विनंती.’ माझ्या शाळेतून, माझ्या नातीला! चिठ्ठीचे अक्षर चांगले आहे. नव्या बाई माझ्याच हाताखाली वळण शिकल्या.

पोट बिघडले आहे, दुसरे काय. चड्डीला दिवसातून चारदा पातळ लागते, म्हणजे हगवण. जायफळ उगाळून सुरू केले. डाळिंबाच्या सालीचा काढा दोन वेळ. भाजी, फळ, पाणी, सगळे बेताने. नुसता दहीभात. थांबवायचे कसे, ते मला ठाऊक आहे. आठवड्याभरात शाळेत जाईल.

१५ जुलै

थांबत नाही. दहीभातही पुरता खात नाही. पोट टम्म. आज शिस्त म्हणून तिची चड्डी तिलाच मोरीवर धुवायला लावली. धुतली, न रडता. पाण्याकडे बघत होती.

पाटी घेऊन मात्र रोज दहा वाजता खिडकीत बसते. शाळेत जाणाऱ्या मुली मोजते.

रात्री जेवताना नरहर म्हणाला, “आई, पोरीला एवढी परेशान करू नकोस. मुद्दाम करत नसेल.” माझा मुलगा महसूल दप्तरात दिवसभर ‘जी हुजूर’ म्हणतो. घरी येऊन त्याने एवढे धीटपणे बोलावे, याचा मला आनंद वाटला.

२३ जुलै, शुक्रवार

वर्गाला जाण्याआधी एक विचित्र गोष्ट झाली.

भामा मागच्या गल्लीतून येते, पायखान्याची झडप उघडते, टोपली नेते. बारा वर्षे येते आहे. तिच्याशी बोलायचा प्रसंग कधी आला नव्हता. आज मी परसात दिसल्यावर तिने झडपेपलीकडून हाक मारली.

“बाईसाब, गुस्सा नक्को करा. पोट्टी बीमार हाय का?”

“हगवण आहे तिला.”

“हगवण?” तिने टोपली खाली ठेवली. “टोपलीत तर आठ-आठ रोज पोट्टीचं कुच नसतं. मग येकदम येतं ते येवढं मोठं, मोठ्या मानसाचं वाटावं. तवा ती रडते बी. मी हितनं ऐकते ना.”

“कुणाचं काय, ते तुला काय कळतं?”

“बारा साल तेच बगते, बाईसाब. तुमचं बी मालूम हाय.”

मी तिला आवाज खाली करायला सांगितले.

“वकिलीणबाईच्या घरचं मालूम, कापडवाल्याच्या घरचं मालूम,” ती तशीच पुढे म्हणाली. “तुमच्या कागदावर ते काय लिवतात, मला वाचता येत नाही. टोपली झूट बोलत नाही.”

आणि झडप लावून गेली. लावण्याआधी तिने लाकडावर दोनदा टकटक केली. आतून दोनदा टकटक आली. आत विमल बसली होती. मला ठाऊक नव्हते.

वर्ग घेतला. शेरे वाचताना माझा आवाज नेहमीसारखा लागला नाही.

२४ जुलै

सकाळी विमलला समोर बसवून विचारले, की तांब्या ओतायचीस तेव्हा खरोखर झालेले असायचे का.

तिने जमिनीवर बोटाने रेघ ओढली. मग म्हणाली, “तू तीनशे म्हणतेस ना, तेव्हा मी ओतते.”

शांताला विचारले, तुला माहीत होते का. ती पदर पिळत म्हणाली, “तुम्ही एवढ्या खूश असायचात, आई.”

संध्याकाळी टांगा करून तिघी कोठी भागात डॉक्टर मुकुंदरावांकडे गेलो. त्यांनी विमलला झोपवून पोट चाचपले आणि माझा हात घेऊन तिच्या बेंबीच्या डावीकडे खाली ठेवला. दगड. सहा वर्षांच्या मुलीच्या पोटात दगडांची माळ.

“पण तिला पातळ होतं,” मी म्हटले.

“होत नाही, सुशीलाबाई, पाझरतं. आपल्या मुशी नदीत मोठा धोंडा अडकला की पाणी कडेनं वाट काढतं. तुम्ही म्हणालात, पूर आला. आणि जायफळ देऊन वरून बांध घातलात.”

मी जवळच्या स्टुलावर बसले. अशी मी क्वचित बसते.

त्यांनी समजावले ते असे : केव्हातरी कडक झाले, दुखले. दुखले म्हणून मुलीने धरून ठेवले. धरले म्हणून अधिक कडक झाले. आतडे ताणून सैल पडते, मग लागल्याचे कळतही नाही आणि कडेने गळते. त्यात मुलाचा दोष नसतो, त्याला समजतच नाही. आधी तीन दिवस तेलाचा एनिमा. मग रोज रात्री पॅराफिनचे तेल, भाजी, फळ, भरपूर पाणी. जेवणानंतर दहा मिनिटे बसवायचे, उकिडवे नाही. घरी मोरीत भांडे ठेवून, पाय पाटावर टेकतील असे.

“किती दिवस?” शांताने विचारले.

“महिने. सहा तरी. मधेच सोडाल तर पुन्हा जैसे थे. आणि फिकर करू नका, पण कुणी रागवायचं नाही, मोजायचं नाही, विचारायचं नाही.”

‘कुणी’ म्हणजे शांता असणार. ती हळवी आहे, सारखी विचारत असते.

१ ऑगस्ट

एनिमाने पोट साफ झाले. विमल दोन वाट्या वरणभात जेवली आणि अंगणात फुगडी घातली. वाटले, संपले. पण डॉक्टरांनी बजावले आहे, ही सुरुवात आहे.

वर्गात जायफळाचे काही सांगितले नाही. बायकांचा गोंधळ उडेल.

१८ ऑगस्ट

चार दिवस नीट, मग तीन दिवस काही नाही, चड्डी पुन्हा खराब. मी मोजत नाही. भांड्यापासून चार हातांवर नुसती उभी असते. पाठ करून. घड्याळ कमरेला असते, पण ते कायमच असते.

३ सप्टेंबर

डॉक्टर घरी आले, नरहरचा ताप बघायला. विमल तेव्हा मोरीत बसली होती. त्यांनी मला तिथे पाहिले.

बाहेर ओट्यावर नेऊन म्हणाले, “बाई, मी म्हटलं होतं ना, कुणी विचारायचं नाही?”

“मी अक्षर बोलले नाही.”

“तुमची पाठ बोलते,” ते म्हणाले. “तुम्ही दाराशी उभ्या आहात तोवर ती सोडणार नाही. मी तर तुमचा विद्यार्थीही नव्हतो, पण तुम्ही उभ्या राहिलात की माझंही पोट आवळतं.”

पुण्याच्या कॉलेजात मी पहिल्या वर्गात आले, तेव्हा हे गृहस्थ पाळण्यात होते. त्यांनी मला माझ्या घरात कुठे उभे राहायचे ते सांगावे! आता स्वयंपाकघराच्या बोळात उभी राहते. तिथून दिसत नाही. मधूनमधून खोकते. खोकला कोणालाही येतो.

१६ सप्टेंबर

चार दिवस कर्फ्यू. सरहद्दीवरून हिंदुस्थानच्या फौजा आत आल्या. रात्री दिवे नाहीत, रेडिओला कान लावून नरहर बसलेला. भामा आली नाही, येणार कशी? टोपली भरली. आज झाकून भागेना. नरहर नाकाला फडके बांधून पुढे झाला, दोन पावलांवर त्याला उमासे आले. मग मीच नेली, परसात खड्डा करून. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्यात पाहिले. चार माणसांचे एकत्र. कोणाचे कोणते, मला काही ओळखू आले नाही. भामाला कसे येते, ते विचारावेसे वाटले. लाजही वाटली.

हात सात वेळा धुतले. भामा रोज किती घरांची नेते?

१७ सप्टेंबर, शुक्रवार

संध्याकाळी रेडिओवर निजामाच्या शरणागतीची बातमी आली. नरहरने शांताच्या देखत, माझ्या देखत, अंगणात उडी मारली. शेजारी पेढे नव्हते म्हणून गूळ वाटत होते. मला वाटले, आज घरादारातला ताण गेला, आज होईल. विमलला हळूच विचारले, “बाळ, आज?”

तिने मान खाली घातली. तिच्या पोटाला दिल्लीचे काही पडलेले नव्हते.

शांताने माझ्याकडे पाहिले. विमलला हाताला धरून आत नेले. हल्ली ती फार वेळा काही बोलत नाही.

१ ऑक्टोबर, शुक्रवार

वर्ग पुन्हा भरला. सगळे आले. जिल्ह्यांतून येणाऱ्या कत्तलींच्या बातम्या ऐकवत नाहीत. उडी मारणारा नरहरही गप्प झाला आहे. पण मुले घरोघर आहेत, म्हणून वर्ग.

आज ठरवले होते, की पाझरण्याचे सांगायचे. “एका घरातली मुलगी,” अशी सुरुवात केली. “तिच्या घरच्यांनी अज्ञानाने हगवण समजून...”

“बाई,” हणमंतराव मागून म्हणाले, “ती तुमचीच ना?”

मी फळ्याकडे तोंड करून खडू शोधला. खडू माझ्या हातात होता.

“हो,” मी म्हटले. “माझीच. आणि घरचे म्हणजे मी. जायफळ मी दिले.”

तसे हणमंतराव उठले. टेबलापाशी येऊन खिशातून दोन पेन्सिली काढून ठेवल्या. “आमच्या पोरांच्या. खोट्या हायत. धाकट्याचं तर पाच-पाच दिवस होत नाही. पण शुक्रवारी तुम्ही मोठ्यानं वाचता, मंग गै कसं लिवावं? बाप म्हणून इज्जत जाती.”

मग इंदुताई. “माझ्या तर एका बैठकीत लिहिलेल्या. तुम्हाला कळलं होतं, माहीत आहे मला.” मग एकेक करत बाकीच्या. टेबलावर आठ पेन्सिली जमल्या. नववी छिलून संपली होती, तिची आई थोटूक घेऊन आली.

मी तक्ते गोळा केले आणि शाळेच्या पाणी तापवण्याच्या बंबात घातले. मग पहिल्यांदाच खुर्चीवर बसून वर्ग घेतला. प्रत्येकीने खरे सांगितले. इंदुताईंचा मुलगा शाळेतल्या पायखान्याला कडी नाही म्हणून दिवसभर धरून ठेवतो. एकीची मुलगी नव्या बाळाच्या जन्मापासून. हणमंतरावांच्या धाकट्याची चड्डी रोज खराब होते आणि ते त्याला रोज मारतात. मारत होते, म्हणाले.

“हे सगळं तुम्हाला कसं सुचलं, बाई?” एकीने विचारले.

“वाचनातून,” मी म्हटले.

घरी येताना मला स्वतःची लाज वाटली, हे इथे लिहून ठेवते.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

वर्गात सांगितले : मला भामाने सांगितले. तिला बोलावून आणा म्हटले तर तिघी उठून गेल्या. इंदुताई बसल्या. भामा उंबऱ्याशी उभी राहिली, आत यायला तयार होईना. तिथूनच हणमंतरावांना म्हणाली, “सेठ, तुमचा धाकला मंगळवारी रडत व्हता. पपई द्या त्याला.” त्यांनी लिहून घेतले.

१९ ऑक्टोबर

नव्या मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप : विमलला उद्यापासून शाळेत पाठवावे. मी चकित. त्यांना कोणी कळवले?

शांता म्हणाली, “मी.”

“प्रकृती पूर्ण सुधारेपर्यंत, असं त्यांनी लिहिलं होतं.”

शांता भाकरी थापत राहिली.

मी तडक परसात गेले. भामा यायची वेळ होती. “भामा, विमलचं काय?”

“काय म्हंजे? बीस रोज झाले, रोज होतं. मऊ होतं. बहू मोरीतलं भांडं टोपलीत रिकामं करते, मी बगते ना.” मग तिने माझ्याकडे नीट पाहिले. “तुमाला कुनी बोललं नाही, बाईसाब?”

नाही. घरातल्या सर्वांत मोठ्या बातमीला वीस दिवस झाले होते. मुलाला ठाऊक, सुनेला ठाऊक, डॉक्टरांना ठाऊक, शाळेला ठाऊक, गल्लीला ठाऊक. मला नाही. मी बोळात उभी राहून खोकत होते ती वेळ चुकीची होती. शांता तिला चार वाजता बसवायची, मी दुपारची आडवी झाल्यावर.

शांताला विचारले, “मला का नाही सांगितलंस?”

“डॉक्टरांनीच नको म्हटलं. आणि तुम्हाला कळलं असतं, तर तुम्ही तक्ता काढला असता, आई.”

मी बराच वेळ विचार केला. काढला असता.

२० ऑक्टोबर

विमल शाळेत गेली. दप्तरात शांताने एक जादा चड्डी ठेवली. संध्याकाळी ती तशीच घडी केलेली परत आली. विचारले नाही.

२१ ऑक्टोबर

विचारले नाही.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

हॉलची किल्ली सापडली, असे नव्या बाईंना कळवले. सोबत पाठवून दिली. चिठ्ठीत मुलांच्या पायखान्याच्या दाराला आतून कडी लावावी, असे लिहिले. विमलला काही विचारले नाही.

२६ ऑक्टोबर

चड्डी एकदा खराब. शांता बोलली नाही, मी बोलले नाही. डॉक्टर म्हणाले होते, होणार. मी देवघरात जाऊन समयांच्या वाती मोजल्या. काहीतरी मोजायला हवेच.

२१ नोव्हेंबर, रविवार

महिना झाला. विमल पुन्हा खिडकीत बसते, पण शाळेतून आल्यावर, चिंच खात.

आज सकाळी नेहमीप्रमाणे साडेपाचला पायखान्यात गेले. सहा वाजले असावेत. मग सव्वासहा. त्रिफळा कालपासून संपला आहे. बाहेर पावले वाजली. लहान पावले. दाराशी थांबली.

मी श्वास धरून ठेवला. मला स्वतःलाच कळले नाही का.

“आजी,” विमल बाहेरून म्हणाली. “घाई नाही हं.”

मी उत्तर दिले नाही.

“मी मोजत नाहीये. आणि मी इथे उभी पण नाहीये. मी लांब आहे.”

दारापासून ती वीतभर अंतरावर होती. दाराखालून तिची बोटे दिसत होती. मग ती बोटे वळली आणि पावले खरोखरच लांब गेली, अंगणापर्यंत, आणि तिथे ती काहीतरी गुणगुणू लागली, आवाज ऐकू यावा म्हणून मोठ्याने.

घड्याळ आज खोलीतच राहिले होते. त्यामुळे त्यानंतर किती वेळ लागला, ते सांगता येत नाही.